भाऊजींना ती दुसरीच आवडायची

माझ्या नणंदबाईंना बघायच्या आधी मी त्यांचा आवाज ऐकला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापण्याचं दुकान होतं आणि तिथं दिवसभर एकच कॅसेट चालायची. त्यातलं ‘खिडकी उघडी ठेव’ हे गाणं इतक्यांदा लागायचं, की शेजारचा घड्याळवाला एकदा वैतागून म्हणाला होता, ‘‘अहो, लावा आता ती खिडकी, वारा लागतोय.’’ पण तोही तेच गुणगुणत घड्याळं उघडून बसायचा. पुढं माझं लग्न ठरलं आणि मुलाची थोरली बहीण म्हणजेच ती खिडकीवाली, हे कळलं, तेव्हा माझ्या मैत्रिणींनी मुलगा काय करतो हे विचारलंसुद्धा नाही.

मी त्यांना ताई म्हणते. तेव्हा त्या कॅसेटवरच्या फोटोत होत्या तशाच दिसायच्या. केस मोकळे, मान जराशी वळलेली, आत्ताच काहीतरी बोलून थांबल्यासारखं हसू. आवाज पातळ आणि स्वच्छ, वर चढायला लागला की थांबायचं नाव नाही. घरात मात्र त्या फारशा गात नसत. घरात त्या भांडी आदळत, भावाला रागवत. मी केलेल्या पहिल्या चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या होत्या, ‘‘वहिनी, हा चहा आहे की चहाची आठवण?’’ मी रडकुंडीला आले. त्यावर त्यांनीच उठून दुसरा केला आणि तो माझ्या चहापेक्षा वाईट झाला.

त्यांचे यजमान ड्रम वाजवायचे. हॉटेलांतल्या कार्यक्रमांत, रेकॉर्डिंगला, बोलावतील तिथं. नुसते बसले तरी बोटं चालू. टेबल, वाटी, माझ्या पोराची पाठ, काहीही पुरायचं. सतत ठेका धरतात म्हणून सगळा बँड त्यांना ‘ठेकेदार’ म्हणायचा, आणि ते नाव इतकं पसरलं की एकदा एक गृहस्थ कुंपणाची भिंत बांधून घ्यायची म्हणून दारात येऊन उभे राहिले. भाऊजींनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, भिंत किती लांब, किती उंच, सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, ‘‘बांधतो, पण ती नाचेल. चालेल ना?’’

दोघांची गाठ पडली ती त्या पहिल्या अल्बमच्या वेळी. ताई तेव्हा नव्या होत्या आणि सगळे त्यांच्या आवाजाचं कौतुक करण्यात गुंग. त्या प्रत्येक कडव्याला जराशा उशिरा शिरत होत्या, पण बोलणार कोण? भाऊजींनी काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘बाई, आवाज तुम्हाला मिळालाय. वेळेवर यायचं तेवढं आपलं आपण शिकावं लागतं.’’ ताई संतापून बाहेर गेल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या आणि नेमक्या ठोक्यावर गायल्या. वर्षभरात लग्न झालं. मी एकदा विचारलं, ‘‘ताई, भाऊजींमध्ये काय पाहिलंत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तोंडावर खरं बोलणारा एवढा एकच सापडला. बाकी सगळे नुसते ‘वा वा’वाले.’’

मूल झालं नाही. त्यावर ती दोघं आमच्याशी कधी बोलली नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

भाऊजींचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका कार्यक्रमात. मी आणि हे पुढच्या रांगेत होतो. ताईंचं एक गाणं संपलं, टाळ्या झाल्या, पुढचं संथ गाणं सुरू झालं आणि भाऊजी मागच्याच गाण्याचा वेगवान ठेका वाजवत राहिले. ताईंनी वळून पाहिलं. भाऊजी मजेत होते, डोळे मिटून वाजवत होते. ताई हसल्या, हाताने बाकीच्यांना खूण केली आणि ते संथ गाणं त्यांनी त्या पळत्या ठेक्यावर गाऊन टाकलं. लोकांना वाटलं, मुद्दाम केलेली गंमत आहे. टाळ्या जास्तच पडल्या. कार्यक्रम संपल्यावर मी आत गेले तर ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. ‘‘छान झालं,’’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘वहिनी, यांना कळलंच नाही.’’

तसं मग पुन्हा झालं, आणि पुन्हा. बँडच्या प्रमुखानं भाऊजींना विश्रांती घ्यायला सांगितलं. विश्रांती म्हणजे काय, हे सगळ्यांनाच समजत होतं. ताई म्हणाल्या, ‘‘मग मीही थोडे दिवस विश्रांती घेते.’’ हे त्यांना म्हणाले, ‘‘अगं, तू कशाला थांबतेस? तुझा गळा चांगला आहे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मागं दुसरा कुणी बसलाय म्हटलं की माझा पाय ठरत नाही. हे बरे झाले की बघू.’’

डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, वय लहान आहे म्हणून लवकर पुढं सरकेल, आणि बरं होण्याची भाषा करू नका. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हात पण विसरतील का?’’ डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ‘‘माणसं विसरतील, रस्ते विसरतील, ते ठीक आहे,’’ ताई म्हणाल्या, ‘‘हात विसरतील का, ते सांगा.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘ते सगळ्यात शेवटी.’’

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते सांगायला सोपं आहे, कारण सगळे दिवस एकसारखे होते. एकदा भाऊजी घरातून निघून गेले आणि संध्याकाळी जुन्या स्टुडिओच्या फाटकापाशी सापडले. तिथं आता टायरचं दुकान होतं. रेकॉर्डिंगला उशीर झालाय म्हणून ते दुकानदाराशी भांडत होते. त्या दिवसापासून ताईंनी दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली आणि स्वतःही घरातच राहिल्या. पोटासाठी त्यांनी शिलाई मशीन आणलं. नवे कपडे शिवत नसत, फक्त दुरुस्ती करत. पँटची खालची दुमड, बिघडलेली चेन, सैल झालेली कंबर, उसवलेली बगल. गिऱ्हाईक जिन्यातच उभं राहायचं. आत यायची मुभा नव्हती, कारण अनोळखी माणूस दिसला की भाऊजी घाबरायचे. कुणी कपडे देताना चेहरा न्याहाळून म्हणायचं, ‘‘तुम्ही त्या गाणाऱ्या तर नव्हे?’’ ताई तोंडातली टाचणी न काढता मान हलवायच्या. ती मान हो म्हणते की नाही, हे गिऱ्हाइकाला कळत नसे.

मशीनचं पायडल चालू लागलं की भाऊजी शांत व्हायचे. जवळच्या खुर्चीत बसून त्याच्या लयीत मांडीवर बोटं वाजवायचे. कपडे संपले तरी ताई कधी कधी रिकामंच मशीन चालवत बसायच्या.

सगळ्यात अवघड असायची अंघोळ. ‘‘हात वर करा’’ म्हटलं की ते चिडायचे, ओरडायचे, एकदा तर त्यांनी ताईंना ढकललं. त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या आणि मनगट सुजलं. मग एकदा सहजच, चिडून नव्हे तर थकून, त्यांनी तेच वाक्य चालीवर म्हटलं. डावा हात, मग उजवा, पाणी कोमट आहे हो. भाऊजींनी ऐकलं आणि डावा हात वर केला. मग उजवा. त्या दिवसापासून त्या घरात साधं बोलणं जवळपास बंद झालं. बाही घालायची तर बाहीचं गाणं, घास भरवायचा तर घासाचं, खुर्चीतून उठवायचं तर उठण्याचं. मी जायचे तेव्हा दाराबाहेरूनच ऐकू यायचं. तो आवाज कॅसेटवरचा नव्हता. खाली उतरलेला, जरा खरखरीत, दम खाऊन खाऊन येणारा. पण ठोक्यावर पक्का.

तोवर भाऊजी ताईंना ओळखेनासे झाले होते. कामाला ठेवलेली कुणी बाई आहे, असं त्यांना वाटायचं. सभ्य माणूस, त्यामुळे तिच्याशी बोलायचेही सभ्यपणे. एकदा मी समोर बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?’’

‘‘नवरा असतो,’’ ताई चेन बसवता बसवता म्हणाल्या.

‘‘काय करतो?’’

‘‘ड्रम वाजवतो.’’

‘‘अरे वा,’’ भाऊजी खूश झाले. ‘‘कसा वाजवतो?’’

‘‘एक नंबर.’’

‘‘मग तुम्हाला काम का करावं लागतं?’’

ताईंनी दाताने दोरा तोडला. ‘‘मला आवडतं म्हणून,’’ त्या म्हणाल्या.

आणि रोज दुपारी त्यांना ती कॅसेट हवी असायची. पहिला अल्बम. कॅसेट झिजली तेव्हा माझ्या मुलानं ती गाणी एका छोट्या प्लेअरवर उतरवून दिली. ‘खिडकी उघडी ठेव’ लागलं की भाऊजींचा चेहरा उजळायचा. ते ताईंना सांगायचे, ‘‘ही मुलगी बघा. हिच्याशी माझं ठरतंय. अजून कुणाला बोललो नाही. ती आली की तिला जरा चांगला चहा करा हं.’’ ताई म्हणायच्या, ‘‘करते.’’ मला एकदा राहवलं नाही. स्वयंपाकघरात मी म्हटलं, ‘‘ताई, सांगा ना त्यांना, ती मीच म्हणून.’’ त्या म्हणाल्या, ‘‘सांगून बघितलं. माझ्याकडे पाहून रडायला लागले. म्हणाले, तिचं असं काय झालं? मग मीच सांगितलं, थट्टा केली हो.’’

अशातच एक दिवस जिन्यात रेकॉर्डिस्ट उभे राहिले. पहिला अल्बम ज्यांनी रेकॉर्ड केला होता ते. आता निवृत्त झाले होते आणि घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, त्यांनी स्वतःचा लहानसा स्टुडिओ केला होता. हातात दुरुस्तीला आणलेली पँट होती, पण ती निमित्ताला. आतून गाणं येत होतं. बहुधा मोजे घालायचं. ते पँट हातात घेऊन तसेच ऐकत उभे राहिले. ताई बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘हे रेकॉर्ड करू या.’’

‘‘काय, मोजे?’’ ताई म्हणाल्या.

‘‘हो, मोजे.’’

‘‘तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? आमच्या घरात एक पुरे आहे.’’

पण ते चिवट होते. दर आठवड्याला काही ना काही फाटकं घेऊन यायचे. शेवटी तर त्यांच्याकडे उसवलेलं काही उरलं नाही, तेव्हा चांगल्या शर्टाची बटणं स्वतःच तोडून आणायला लागले. ताईंनी ते ओळखलं आणि फार दिवसांनी त्यांना हसू आलं. मी आणि ह्यांनीही मागं लागून लागून त्यांचा पिच्छा पुरवला. भाऊजींपाशी मी बसेन, म्हटलं. घास भरवेन, गाणीही पाठ करीन, बेसूर तर बेसूर. ताई म्हणाल्या, ‘‘गळ्यावर गंज चढलाय, वहिनी. लोकांना खिडकीवाली हवी असणार. ती आता नाही.’’

तरी शेवटी त्या गेल्या. पहिल्या दिवशी काय झालं ते रेकॉर्डिस्टनी नंतर मला सांगितलं. सुरुवात ओळखीच्या गाण्यानं करू, म्हणून त्यांनी खिडकीचं गाणं काढलं होतं. वरच्या जागी आवाज फाटला. दोनदा, तीनदा. ताई कानावरचे हेडफोन काढून म्हणाल्या, ‘‘ती वरची जागा तिची आहे. मी खालून जाते.’’ आणि मग ते जुनं गाणं बाजूला ठेवून त्यांनी घरातलीच गाणी घेतली, शब्दसुद्धा न बदलता. कवी कोण म्हणून लावायचं, हा प्रश्न आला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘कवी कसला, न्हाणीघर लावा.’’

जमेल तसं काम चाललं. कधी भाऊजींना ताप, कधी ताईंना खोकला. मध्ये बरेच महिने सगळं थांबलं, कारण भाऊजी खुर्चीतून घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते चालले नाहीत. मला वाटलं, आता हे राहिलंच. पण ते घरी आल्यावर ताईंनी कुशीवर वळवायचं नवं गाणं केलं, आणि पुढच्या खेपेला तेही रेकॉर्ड करून आल्या.

एकदाच मी त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा हे भाऊजींपाशी बसले होते. त्या गाद्यांच्या खोलीत पंखा बंद करावा लागायचा, आवाज येतो म्हणून. ताई घामाने निथळत उभ्या होत्या. घासाचं गाणं चालू होतं. एक घास अजून, मग झालंच. तिथं त्यांचा आवाज भरून आला आणि त्या रडतच गायल्या. मी बाहेर डोळे पुसत होते. रेकॉर्डिस्ट अगदी हळू म्हणाले, ‘‘हाच ठेवू. असा पुन्हा मिळणार नाही.’’ ताईंनी नाक पुसलं. ‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हा पुसा. माझं रडणं कुणाला कशाला ऐकवायचं? आणि घास भरवताना मी रडत नाही. रडले तर ते जेवत नाहीत.’’ पाणी पिऊन त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि कोरड्या आवाजात गायल्या. तेच अल्बममध्ये आहे.

अल्बम तयार झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची वेळ. भाऊजींना उशांना टेकवून बसवलं होतं. हे आले होते, मी होते. ताईंनी नवं पातळ नेसलं होतं. त्यांनी काही न सांगता गाणं लावलं आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

भाऊजी ऐकायला लागले. चेहरा अगदी जुना झाला, स्टुडिओतला. भुवया जवळ आल्या. उजव्या हाताची दोन बोटं पांघरुणावर हलायला लागली. ताई त्या बोटांकडे बघत होत्या. पहिलं गाणं संपलं तेव्हा भाऊजी म्हणाले, ‘‘कोण आहे ही?’’

‘‘नवीन आहे,’’ ताई म्हणाल्या. ‘‘कशी वाटते?’’

भाऊजींनी विचार केला. त्या काळात त्यांना एक वाक्य जुळवायला फार वेळ लागायचा, पण ते आलं ते सरळ आलं. ‘‘गळा थकलाय हिचा,’’ ते म्हणाले. ‘‘पण खोटं गात नाही. वेळेवर येते. कुणी शिकवलं?’’

‘‘नवऱ्यानं.’’

‘‘बरं शिकवलंय.’’ मग त्यांनी हात हलवला, पुरे म्हणून. ‘‘आता ती लावा. आमची.’’

ह्यांनी मान खाली घातली. मी ताईंकडे बघू शकले नाही. त्यांनी प्लेअरवरचं गाणं बदललं, खिडकीचं गाणं सुरू झालं, भाऊजींचा चेहरा उजळला आणि ताई आत गेल्या. मी मागोमाग गेले. मला वाटलं, कोसळल्या असतील. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. जवळ गेल्यावर कळलं की त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसतच होत्या. ‘‘सवतीनं हरवलं गं मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि सवत कोण, तर मीच.’’ मग तोंडावर पाणी मारून म्हणाल्या, ‘‘पण वेळेवर येते म्हणाले. ऐकलंस ना? ते काही कुणाचं मन राखायला बोलत नाहीत.’’

अल्बमचं नाव त्यांनी ‘कोमट पाणी’ ठेवलं. रेकॉर्डिस्टच्या ओळखीनं एक लहानसं सभागृह मिळालं आणि तिथं कार्यक्रम झाला. त्या संध्याकाळी भाऊजींपाशी माझा मुलगा बसला. अर्ध्या खुर्च्या भरल्या होत्या. आलेले बहुतेक जण आमच्या वयाचे, आपलं तरुणपण ऐकायला आलेले. दोन गाणी झाल्यावर मागून एकानं हाक दिली, ‘‘खिडकी होऊ दे.’’ ताई म्हणाल्या, ‘‘ते गाणं घरी रोज लागतं. इथं नको.’’ त्या काय म्हणतायत ते मला आणि ह्यांनाच कळलं. काही लोक मध्येच उठून गेले. खुर्च्यांचा आवाज होत होता आणि ताई गात होत्या. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, की आवाजात पूर्वीची चमक नाही आणि विषय उदास आहेत. ह्यांना राग आला. ताई म्हणाल्या, ‘‘खरंच आहे की. चमक नाहीच. त्यात रागवायचं काय?’’

पण कार्यक्रम संपल्यावर एक बाई मागं राहिली होती. साधी, हातात भाजीची पिशवी, घड्याळाकडे सारखं बघणारी. ती ताईंजवळ आली, काय बोलावं ते तिला सुचेना. मग म्हणाली, ‘‘माझे सासरे असेच आहेत. हात वर करत नाहीत. ते गाणं, डावा हात... ते मी म्हटलं तर चालेल का?’’

‘‘म्हणा की,’’ ताई म्हणाल्या. ‘‘फक्त घाईत म्हणू नका. आपण घाई केली की त्यांना कळतं.’’

‘‘मला गाता येत नाही.’’

‘‘त्यांना कुठं कळतंय? म्हणा.’’

तशा बायका नंतर येत राहिल्या. काही पुरुषही आले. अल्बम गाजला असं मी म्हणणार नाही. केस कापायच्या दुकानात तो कुणी लावला नाही. तो ज्या घरांत गेला, तिथं दारं बंद करून ऐकला गेला असणार. ताईंना मात्र जिन्यात आता वेगळंच गिऱ्हाईक भेटायला लागलं. कपडे दुरुस्तीला द्यायचे आणि जाता जाता विचारायचे, ‘‘तोंड उघडत नाहीत, काय करू?’’

त्यानंतरच्या थंडीत भाऊजी फार खाली गेले. बोलणं थांबलं, गिळणं अवघड झालं. तरी दुपारी गाणं लावायचा नेम ताईंनी सोडला नव्हता. एका दुपारी मी तिथंच होते. ‘खिडकी उघडी ठेव’ सुरू झालं आणि भाऊजी छताकडे बघत राहिले. बोट हललं नाही. डोळे हलले नाहीत. ताईंना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांनी आवाज वाढवला. मग प्लेअर त्यांच्या कानाशी धरला. गाणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. काही नाही.

‘‘आता तिलाही ओळखत नाहीत,’’ ताई म्हणाल्या.

आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत, ढकलून दिलं तेव्हा, कामवाली समजले तेव्हा, नवी गाणी नको म्हणाले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. पलंगाच्या कडेला डोकं ठेवून, लहान मुलीसारखं मोठ्यानं. ‘‘मला विसरले ते मी सोसलं,’’ त्या म्हणत होत्या. ‘‘तिला तरी ठेवायला हवी होती. तिला तरी.’’ मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. दुसरं काय करणार? डॉक्टर म्हणाले होते, हात सगळ्यात शेवटी विसरतात. तो शेवट आता समोर होता.

भाऊजी काही दिवसांनी सकाळी गेले. फुप्फुसात पाणी झालं होतं. ताई त्यांचं तोंड पुसत होत्या आणि पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आम्हाला फोन केला तेव्हा आवाज अगदी सरळ होता. आम्ही पोचलो, तोवर त्यांनी भाऊजींना स्वच्छ करून धुतलेला शर्ट घातला होता. बाही घालताना त्या गायल्या की नाही, ते मी विचारलं नाही.

त्याला आता काही काळ लोटला. शिलाई चालू आहे. दाराची वरची कडी त्यांनी काढून टाकली, भोकं मात्र बुजवली नाहीत. रेकॉर्डिस्ट अधूनमधून येतात, दुसरा अल्बम करू म्हणतात. ताई नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. ‘‘कुणाला आंघोळ घालू म्हणजे गाणी येतील?’’ असं एकदा म्हणाल्या, आणि रेकॉर्डिस्ट बिचारे चहा तसाच सोडून गेले. नंतर त्यांनाच वाईट वाटलं. फोन करून म्हणाल्या, ‘‘तसं नाही हो. या तुम्ही. बटण तोडून या.’’

सुटीच्या दिवशी त्या आमच्याकडे जेवायला येतात. इतकी वर्षं उभ्यानंच दोन घास खायची सवय झालेली, त्यामुळे अजूनही पानावर बसल्या की सगळ्यांच्या आधी उठतात. हे ओरडतात, ‘‘अगं, बस की जरा.’’ त्या परत बसतात आणि रिकाम्या ताटाकडे बघत राहतात. जेवण झालं की आतल्या खोलीत आडव्या होतात आणि गाढ झोपतात. अशी झोप त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. हे टीव्हीचा आवाज अगदी कमी करतात, मी भांडी घासायची थांबवते.

दिवे लावायच्या सुमाराला त्यांना जाग येते. दाराशी येऊन उभ्या राहतात, केस विस्कटलेले, कान कशाचा तरी कानोसा घेत असल्यासारखे. क्षणभर त्यांना काहीतरी करायचं राहिल्यासारखं वाटतं, ते चेहऱ्यावर दिसतं. मग आठवतं. मी चहासाठी गॅस पेटवते, आणि त्या येऊन ओट्यापाशी उभ्या राहतात.